गाणाऱ्याचं ताट-पाणी : भजनाला नव्याने बसणाऱ्यांसाठी

आमच्या महिला भजन मंडळात दर दिवाळीनंतर दोन-चार नव्या बाया येतात. पेटीवर सूर कुठला लावायचा हे विचारायच्या आधी त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो, "ताई, गळ्यासाठी काय खाऊ वो?" कोणी पदराच्या गाठीला ज्येष्ठमधाची काडी बांधून आणते, कोणी पिशवीतून मधाची बाटली काढते. एकीला तर सासूनं बजावलेलं होतं की गाणाऱ्या बाईनं दह्याच्या भांड्याला हातसुद्धा लावायचा नाही.

मी अमरावती जिल्ह्यात, तिवसा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. तुकडोजी महाराजांचा आश्रम असलेलं गुरुकुंज मोझरी जवळच, त्यामुळे खंजिरी भजन आमच्याकडे घरोघरी. बावीस वर्षं झाली पुढं बसून म्हणते आहे. त्यातली पहिली दहा वर्षं खाण्यापिण्यातल्या चुकांनी आवाजाला फार त्रास दिला. तुमचा तो काळ वाचावा म्हणून हे सविस्तर लिहिते.

एक गोष्ट आधी सांगते, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आवाजासाठी काय खाल्लं, यापेक्षा केव्हा खाल्लं याचा फरक जास्त पडतो.

आधी घासाची वाट समजून घ्या

गळ्यावर, कंठमण्याच्या जागी, दोन बोटं ठेवा आणि थुंकी गिळा. आतलं काहीतरी वर सरकून परत खाली आलं ना? ते तुमचं स्वरयंत्र. आता बोटं तिथंच ठेवून तोंड मिटून 'म्' असा सूर धरा. बोटांना जी झणझण लागते, ती स्वरतंतूंची. बाईच्या गळ्यातले हे तंतू जेमतेम एक-दीड सेंटिमीटर लांबीचे, पुरुषाचे थोडे मोठे. बाया बहुधा काळी चारमध्ये, म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी 'सा' धरून, म्हणतात. त्या पट्टीतला मधला 'सा' लावला की हे तंतू सेकंदाला २०८ वेळा एकमेकांवर आपटतात. तासभराच्या भजनात किती वेळा, याचा हिशोब तुम्हीच करा.

हे तंतू श्वासनळीच्या तोंडावर असतात, आणि जेवण जातं मागच्या अन्ननळीतून. घास किंवा घोट गिळताना स्वरयंत्र वर सरकतं, त्याच्यावर झाकण पडतं आणि वाट बंद होते. म्हणजे मध, काढा, गरम पाणी, आलं, यातलं काहीही स्वरतंतूंना लागत नाही. लागलंच तर जोराचा ठसका येतो आणि शरीर ते बाहेर फेकतं. मंचावर चढताना घेतलेल्या घोटानं तोंड आणि वरचा घसा ओला होतो. बरं वाटतं, तेही खोटं नाही, पण तंतू त्यानं ओले होत नाहीत.

मग खाण्यापिण्याचा आवाजावर परिणाम होतो तो कसा? प्यालेलं पाणी पोटातून रक्तात जातं आणि रक्तातून तंतूंवरच्या पातळ ओल्या थरापर्यंत पोचतं. पोटातलं आम्ल उलटं वर येऊन तंतूंना पोळतं. आणि भरलेलं पोट खालून दाबतं, त्यामुळे दम पुरत नाही. या तीन गोष्टी डोक्यात ठेवल्या की कोणी काहीही सल्ला दिला तरी तो तपासून घेता येतो.

पहिली पायरी : पाणी सकाळपासून

रात्री आठचं भजन असेल तर पाण्याची तयारी सकाळी उठल्यापासून. तंतू कोरडे पडले की त्यांना हलवायला जास्त जोर लागतो. मग आपण नकळत गळा आवळून म्हणतो आणि तिसऱ्या भजनाला आवाज फाटतो.

दिवसभरात दोन ते अडीच लिटर पाणी साधारण पुरतं. उन्हाळ्यात, किंवा वावरात निंदण-वेचणीला गेलात तर जास्त लागेल. मी एक लिटरची बाटली भरून घेते. पहिली दुपारच्या जेवणापर्यंत संपवायची, दुसरी भजनाला निघेपर्यंत. एका दमात तांब्या रिता करण्यात अर्थ नाही, ते पाणी तसंच निघून जातं. दर अर्ध्या-पाऊण तासानं चार घोट घ्या. पुरेसं पाणी पोटात जातंय का, हे लघवीच्या रंगावरून कळतं. फिकट कडब्यासारखा रंग असला की ठीक, तेलासारखा पिवळा असला की कमी. (जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असतील तर रंग तसाही पिवळा येतो.) किडनीचा किंवा हृदयाचा आजार असेल तर मात्र किती पाणी प्यायचं हे डॉक्टरांनाच विचारा.

माझं माहेर दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. तिथं बोअरच्या पाण्याला अशी चव की माणूस तहान मारतो आणि चहावर चहा पितो. खाऱ्या पाण्यानं आवाज बसतो असं माझी आजी म्हणायची. माझ्या मते, पाणी नावडतं म्हणून कमी प्यालं जायचं आणि त्यानं घसा कोरडा पडायचा. तुमच्याकडे तसंच असेल तर गोड्या पाण्याची वेगळी बाटली भरून ठेवा. चव नसली तर लिंबाच्या दोन थेंबांनी किंवा चिमूटभर सोपेनं (बडीशेपेनं) ते प्यालं जातं.

थंड पाण्यानं आवाज कायमचा बिघडत नाही. पण गाण्याच्या तोंडावर बर्फाचं पाणी प्यालं की पुष्कळांचा घसा आखडल्यासारखा होतो. माठाचं पाणी खुशाल प्या.

उन्हाळ्याचं वेगळं सांगावं लागेल, कारण आपल्याकडे रामनवमी, हनुमान जयंती आणि ३० एप्रिलची ग्रामजयंती हे सगळे कार्यक्रम उन्हातच येतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा जन्म १९०९ सालच्या ३० एप्रिलचा, त्यामुळे त्या दिवशी गावोगावी रामधून, म्हणजे भजनं म्हणत फेरी, निघते. पारा ४२-४३ च्या वर, हवेत ओल नाही, आणि आपण चालत चालत म्हणतो. अशा दिवशी नुसत्या पाण्यानं भागत नाही, घामातून मीठही जातं. सकाळी पातळ ताक मीठ-जिरं घालून, दुपारी कैरीचं पन्हं किंवा ज्वारीची आंबील. रामधुनीत तोंड उघडं ठेवून श्वास घेऊ नका, दोन ओळींच्या मध्ये नाकानं घ्या.

दुसरी पायरी : जेवणाची वेळ

इथं मी जरा थांबणार आहे, कारण नव्या बाया सगळ्यात जास्त इथंच चुकतात, आणि चूक त्यांची नसते. आपल्याकडे पाहुणं मंडळ आलं की आधी जेवायला बसवतात.

एका गावात भजन स्पर्धा होती. आमचा नंबर रात्री दहाच्या पुढं लागेल असं सांगितलं, म्हणून आम्ही आठला पंगतीला बसलो. रोडगे, वरण, वांग्याची तर्रीदार भाजी, आग्रह करकरून वाढलेलं तूप. मी तीन रोडगे खाल्ले. हात धुतले तोवर माईकवर आमचंच नाव पुकारलं. आधीची दोन मंडळं आलीच नव्हती. पहिल्या भजनात तारसप्तकाच्या 'सा'वर ठहराव होता. तो मी रोज घरी आरामात धरते. त्या रात्री श्वास घ्यायला गेले तर छाती भरेना. पोट दगडासारखं, श्वास वरच्या वर. सूर अर्ध्यात तुटला आणि त्याच्यामागून ढेकर आला. मागून झील धरणाऱ्या, म्हणजे साथीला म्हणणाऱ्या, बायांनी ओळ उचलून घेतली म्हणून निभावलं.

झालं काय, तर श्वास घेताना फुफ्फुसांखालचा पडदा खाली उतरतो. पोट गच्च असलं की त्याला उतरायला जागाच राहत नाही. म्हणून नियम असा : पोटभर जेवण गाण्याच्या तीन तास आधी. उपाशीही बसू नका, हात थरथरतो आणि दम टिकत नाही. आठला भजन असेल तर पाच वाजता जेवून घ्या, आणि सातच्या सुमारास लागलंच तर एखादं केळं किंवा वाटीभर मऊ भात-वरण.

त्या पाचच्या जेवणात काय असावं? ज्वारीची भाकर, मुगाचं साधं वरण, दोडक्याची किंवा लवकीची (दुधीची) भाजी. काय नसावं, तर बेसन. हे सांगताना मलाही जड जातं, कारण झुणका, पातोडीचा रस्सा, गोळाभात याशिवाय आपलं ताट पुरं होत नाही. पण बेसन, हरभरा, वाल, बरबटी (चवळी) यांनी पोटात वायू धरतो आणि नेमकं दुसऱ्या-तिसऱ्या भजनाला पोट फुगतं. गाण्याच्या दिवशी दुपारपर्यंत खाल्लं तर चालेल, संध्याकाळी नको.

यजमानांना कसं सांगायचं हाही प्रश्न असतो. मी आता निरोप देतानाच सांगते, "भाऊ, आमचं ताट झाकून ठेवा, भजन झाल्यावर जेवतो." कोणी वाईट वाटून घेत नाही.

तिसरी पायरी : भजनानंतरचं जेवण

खरा धोका या झाकून ठेवलेल्या ताटात असतो. रात्री साडेअकराला भजन संपतं. भूक सणसणून लागलेली. मटणाचा सावजी रस्सा असो की साधी भिवापुरी मिरचीची भाजी, आपण तुटून पडतो आणि घरी येऊन लगेच आडवं होतो. आडवं झालं की पोटातलं आम्ल सरळ गळ्यापर्यंत येतं.

माझ्या आवाजाला सकाळी सकाळी खर यायला लागली तेव्हा मला वाटलं, जास्त गाऊन झालं. घशात काहीतरी अडकलंय असं सारखं वाटायचं, मी दिवसभर खाकरायची. छातीत जळजळ म्हणाल तर अजिबात नाही. दोन वर्षं मी हळदीचं दूध आणि ज्येष्ठमध करत राहिले. शेवटी अमरावतीला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नळीचा कॅमेरा घालून बघितलं. तंतूंच्या मागचा भाग लाल आणि सुजलेला होता. त्यांनी विचारलं, "रात्री जेवून किती वेळानं झोपता?" मी म्हटलं, "पंधरा मिनिटांत." गोळ्या दिल्याच, पण त्याबरोबर जे करायला सांगितलं तेच आज नव्या बायांना सांगते.

जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचं अंतर. मुख्य जेवण भजनाआधीच झालं असेल तर रात्री वाटीभर वरण-भातावर भागतं. तेल, तर्री, ठेचा, लोणचं, भजी रात्री उशिरा नकोत. पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली दोन-दोन विटा पक्क्या बसवा, म्हणजे डोक्याची बाजू सहा इंच उंच होते. नुसत्या उशा वाढवून उपयोग नाही, त्यानं पोट दुमडतं आणि उलट दाब वाढतो. डाव्या कुशीवर झोपा. माझ्या नवऱ्यानं विटा लावताना विचारलं होतं, "आता पलंगावरून घसरून पडायचं का?" दोन रात्रीत सवय झाली. सकाळची खर जायला मात्र दीड-दोन महिने लागले, तेव्हा आठ दिवसांत सोडून देऊ नका.

खाकरण्याबद्दलही इथंच सांगते. खाकरताना तंतू एकमेकांवर जोरात घासतात, त्यानं सूज वाढते, आणि सूज असली की पुन्हा खाकरावंसं वाटतं. खाकरावंसं वाटलं की त्याऐवजी एक घोट पाणी गिळा.

चहा, दूध, आंबट : ज्यावरून वाद होतात

चहानं घसा सुकतो म्हणून तो अगदी बंद करा, असं काहीजण सांगतात. दिवसाचे दोन कप कोणाला सुकवत नाहीत. पण रिकाम्या पोटी कडक चहा आम्ल वाढवतो, आणि पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतल्या नाटकांसारखं रात्री दहाला सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणारं काम असेल तर जागरणासाठी सात-आठ कप होतात. तिथं दर कपामागं एक गिलास पाणी ठेवा. वाफाळता चहा फुंकर न मारता पिऊ नका. भाजलेली जीभ शब्द नीट काढू देत नाही.

दूध-दह्यानं कफ वाढतो असं समजतात. दूध प्याल्यावर लाळ थोडी दाट लागते, आपल्याला तो कफ वाटतो. तुम्हाला तसं वाटत असेल तर गाण्याआधी दोन तास दूध टाळा, एरवी खुशाल घ्या. संत्र्यांचंही तसंच. वरूड-मोर्शीकडच्या बायांनी हिवाळ्यात संत्री सोडायची म्हणजे शिक्षाच. आंबट रस तंतूंना लागत नाही. ज्यांना आम्लाचा त्रास आहे त्यांनी रात्री खाऊ नयेत, बाकीच्यांनी दुपारी खावीत, त्यात पाणीही भरपूर असतं.

चौथी पायरी : मंचावर

जवळ कोमट किंवा साधं पाणी, बस्स. प्रत्येक भजनानंतर एक-दोन घोट.

प्रसाद मिळाला तर कागदात बांधून ठेवा. फुटाण्याचं टरफल, मुरमुरे, शेव, लाह्या यांचा एवढासा तुकडा घशाच्या मागं चिकटला की ठसका थांबत नाही. आमच्या मंडळातल्या एका मुलीनं पहिल्याच कार्यक्रमात दोन फुटाणे तोंडात टाकले आणि अख्खं भजन ती पदर तोंडाला लावून खोकत होती. बिचारी रडली नंतर.

पुदिन्याच्या थंड लागणाऱ्या गोळ्या चघळत म्हणू नका. त्यांनी घसा बधिर होतो, दुखणं कळत नाही, आणि आपण दुखावलेल्या गळ्यावर आणखी जोर देतो. खडीसाखरेनं लाळ सुटते, तेवढं पुरे.

खर्रा

हे मी पुरुषांसाठी लिहिते असं समजू नका. दातांना गुडाखू आणि नस, म्हणजे तंबाखूच, लावणाऱ्या बाया आपल्याच गावात आहेत, आणि खर्राही आता घरात शिरला आहे.

पन्नीत घोटलेली सुपारी, तंबाखू आणि चुना दिवसभर गालात धरला की तोंडाच्या आतलं अस्तर हळूहळू ताठ होतं. हा सुपारीचा परिणाम आहे, तंबाखू काढून नुसती सुपारी खाल्ली तरी तो होतो. तंबाखूनं कॅन्सर होतो तो वेगळाच. शेजारच्या गावात एक पोरगा होता, खणखणीत आवाजाचा. दोन वर्षांनी भेटला तर उंच 'आ'कार लागेना. सूर बरोबर होता, पण तोंड उघडत नव्हतं. मी त्याला आरशासमोर उभं केलं आणि म्हटलं, स्वतःची तीन बोटं उभी करून दातांच्या मध्ये घाल. त्याची दोन जेमतेम गेली.

तुम्हीही आजच हे करून बघा. तीन बोटं जात नसतील, तिखट लागलं की तोंडात आग होत असेल, तर दंतवैद्याकडे जा. आखडलेलं तोंड पूर्ववत होणं अवघड असतं. पुढचं वाचवायचं तर त्याच दिवसापासून खर्रा बंद. मंडळात येणाऱ्याला मी दुसरी कुठली अट घालत नाही, ही एक घालते. दारू आणि मोहाचीही इथंच सांगून टाकते : तिनं घसा कोरडा पडतो, आम्ल वर येतं, आणि मुख्य म्हणजे सूर उतरलाय हे गाणाऱ्याला कळेनासं होतं.

उपासाच्या दिवशी

हरतालिकेला आपण निर्जळी करतो आणि त्याच रात्री जागरणाला गातो. आवाजाच्या दृष्टीनं वर्षातली ही सगळ्यात कठीण रात्र. निर्जळी मोडा असं मी कोणाला म्हणणार नाही. पण त्या रात्री आळीपाळीनं म्हणा, पट्टी अर्ध्या सुरानं खाली घ्या, आणि आदल्या दिवशी पाणी भरपूर प्या. गरोदर असाल, साखरेची किंवा बीपीची गोळी असेल तर निर्जळीआधी डॉक्टरांना विचारा. एकादशीला साबुदाण्याची शेंगदाणे घातलेली तुपकट उसळ खाऊन गायला बसलात तर जळजळ ठरलेली. भगर, ताक, केळं, राजगिरा बरा.

घरगुती उपाय आणि मेडिकलच्या गोळ्या

कोमट पाण्याच्या गिलासात अर्धा चमचा मीठ टाकून गुळण्या केल्या की वरच्या घशाला आराम पडतो. वाफ मात्र श्वासाबरोबर थेट तंतूंपर्यंत जाते, म्हणून ती मला सगळ्यात आवडते. साध्या पाण्याची, दहा मिनिटं, भांडं पक्क्या जागी ठेवून आणि लेकरं दूर ठेवून. मध-आल्यानं खोकला शमतो. ज्येष्ठमध कधीमधी ठीक, पण रोज चघळल्यानं रक्तदाब वाढतो आणि शरीरातलं पोटॅशियम कमी होतं. बीपी असलेल्या बायांनी तो पदरातून सोडूनच द्यावा.

सर्दीची गोळी नाक सुकवते तसा घसाही सुकवते. ॲस्पिरिननं रक्त पातळ होतं. त्यावर जोर देऊन गायलं तर तंतूत रक्त उतरू शकतं. तेव्हा दुखतं म्हणून ती मनानं घेऊन गायला बसू नका. हृदयासाठी डॉक्टरांनी दिली असेल तर मात्र मनानं बंदही करू नका, त्यांना सांगा की मी गाते. बीपीच्या काही गोळ्यांनी कोरडा खोकला लागतो, तोही त्यांना सांगितला तर गोळी बदलून देतात.

घसा बसलाच तर दोन-तीन दिवस गाणं बंद, बोलणं कमी. कुजबुजू नका, त्यानंही ताण पडतो. हळू, पण नेहमीच्या आवाजात बोला. तीन आठवड्यांत आवाज सुटला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा, तंबाखूची सवय असेल तर त्याहून आधी. ओरडताना किंवा उंच सुरात आवाज एकदम गेला, थुंकीत रक्त दिसलं, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला, तर त्याच दिवशी.

येत्या कार्यक्रमासाठी माझी पिशवी अशी भरलेली असते : पाण्याच्या दोन बाटल्या, एक केळं, डब्यात वरण-भात, कागदात थोडी खडीसाखर, आणि प्रसाद बांधायला रिकामी कापडी थैली. पाच वाजता जेवून निघायचं. डबा परतीच्या गाडीत उघडायचा, घरी पोचायला तास-दीड तास तरी लागतोच. घरी आल्यावर साडी बदलून, भांडी विसळून, दुसऱ्या दिवशीच्या भजनांची वही लावून होईपर्यंत झोपेची वेळ झालेली असते.